आई-वडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी मुंबईतील हॉटेल: ताज की नरिमन पॉइंट?

गंगापूर रोड

नमस्कार. येत्या फेब्रुवारीत माझ्या आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. नाशिकमध्ये हॉल घेऊन समारंभ करावा, अशी आम्हा भावंडांची इच्छा होती, परंतु दोघांनीही त्याला ठाम नकार दिला. त्याऐवजी मुंबईत दोन-तीन रात्री निवांत राहायला मिळाले तर बरे, असे आईने सुचवले आणि बाबांनी ते लगेच उचलून धरले. सोबत मी असेन. म्हणजे दोन खोल्या लागतील, शक्यतो शेजारी-शेजारी.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले आहेत. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यामुळे ते सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालतात, पण उंच पायरी किंवा खाली वाकणे त्यांना जड जाते. शास्त्रीय संगीत हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. आई पूर्ण शाकाहारी असून उपासतापास काटेकोरपणे पाळते, आणि आमच्या मुक्कामातील एक दिवस संकष्टीचा आहे. लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा त्या दोघांनी गेटवेसमोरून ताजमहाल हॉटेल बाहेरूनच पाहिले होते, असे आई अनेकदा सांगते. तिने मागणी केलेली नाही. तो तिचा स्वभाव नाही.

एका खोलीसाठी रात्रीचे, सर्व करांसह, तीस हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची आमची तयारी आहे. आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे, म्हणूनच ती योग्य जागी खर्च व्हावी असे वाटते. ताज, ओबेरॉय, नरिमन पॉइंटचे ट्रायडंट, वरळीचे फोर सीझन्स आणि वांद्र्याचे ताज लँड्स एंड, एवढी नावे काढून ठेवली आहेत. संकेतस्थळांवरची छायाचित्रे सगळीकडे सारखीच सुंदर दिसतात आणि अभिप्राय वाचावेत तर एकाने आकाशाला भिडवलेले हॉटेल दुसऱ्याने जमिनीवर आणलेले असते. ज्येष्ठांना घेऊन जाताना नेमके काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.


देवळाली कॅम्प

आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला. माझी सारी नोकरी मोठ्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये गेली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तारे मोजत बसू नका. पंचतारांकित आणि पंचतारांकित डिलक्स हे दर्जे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती देते. ते वर्गीकरण ऐच्छिक असून पाच वर्षांसाठी असते. लिफ्ट आहे का, खोलीचे क्षेत्रफळ किती, चोवीस तास रूम सर्व्हिस मिळते का, अशा गोष्टी त्यात तपासल्या जातात. तुम्ही काढलेली पाचही हॉटेले या बाबतींत कमी पडणारी नाहीत. फरक पडतो तो तुमच्या वाट्याला येणाऱ्या खोलीत, आणि तुम्ही पैसे मोजता तेही त्या खोलीचेच. एकाच हॉटेलात, एकाच मजल्यावर, एकाच दरात दोन अगदी वेगळ्या खोल्या असतात. बहुतेक पाहुण्यांना हे किल्ली हातात पडल्यानंतर कळते.

तुमच्या वडिलांच्या दृष्टीने खोलीतील सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे बाथरूम. अनेक आलिशान हॉटेलांत, विशेषतः जुन्या इमारतींत, शॉवर हा टबाच्या वरच बसवलेला असतो. टबाची कड जमिनीपासून जवळजवळ दीड फूट उंच असते. ती ओलांडताना माणूस एका पायावर तोल सावरतो आणि दुसरा पाय ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागावर टेकवतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या सत्तरीच्या माणसासाठी हॉटेलातील सर्वांत धोक्याची जागा हीच. म्हणून ‘टब नसलेली किंवा टबापासून स्वतंत्र, उंबरठ्याविना शॉवरची जागा असलेली खोली’ अशा शब्दांत मागणी करा. भिंतीला आधाराची दांडी आहे का, हँड-शॉवर आहे का, आत बसायला स्टूल मिळेल का आणि कमोडची उंची किती, हेही विचारा. दर्जाच्या निकषांत दिव्यांग अतिथींसाठीच्या खोलीची अट आहे, तेव्हा अशी खोली या हॉटेलांत असते. मात्र ती मोजकीच असते आणि न मागता मिळत नाही. काही घरांत अशी खोली मागणे कमीपणाचे वाटते. तसे मुळीच वाटून घेऊ नये.

हे सारे फोनवर न विचारता रिझर्व्हेशन विभागाला ईमेलने विचारा. फोनवर उत्तर देणाऱ्या व्यक्तीला खोल्यांचा प्रकार दिसतो, प्रत्यक्ष बाथरूम दिसत नाही. ईमेल मात्र फ्रंट ऑफिसकडे आणि हाऊसकीपिंगकडे जातो, खोली वाटून देणारा माणूस तो वाचतो, आणि आरक्षणावर नोंद राहते. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस असल्याचेही त्यातच लिहा. एखादी चांगली खोली रिकामी असली तर ती कोणाला द्यायची, हे ठरवताना अशी नोंद उपयोगी पडते. मी स्वतः अनेकदा तसे ठरवलेले आहे.

दोन खोल्या शेजारी हव्या असतील, तर आतून दार असलेल्या ‘कनेक्टिंग’ खोल्या मागा. ‘ॲडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या लागून असलेल्या खोल्या. रात्री आईला हाक मारायची झाली, तर त्यांच्यात बाहेरच्या मार्गिकेतून फिरून यावे लागते.

पैशांबद्दल. रोजचा दर ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे संकेतस्थळावर २५,००० दिसले, तर प्रत्यक्षात २९,५०० द्यावे लागतील. तुमची मर्यादा नेमकी तिथेच संपते. अशा हॉटेलांतील जेवणावरही १८ टक्केच लागतात. म्हणून नाश्त्यासह दर, म्हणजे आमच्या भाषेत सीपी प्लॅन, घेतलेला बरा. सकाळी खाली जाऊन तिघांचा नाश्ता वेगळा घेतला, तर बिल चांगलेच फुगते. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे निर्देश दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवले. चेक-इनच्या वेळी हॉटेल अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडवून ठेवते. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, कारण डेबिट कार्डावर ती रक्कम खात्यातून खरोखरच निघते आणि परत यायला वेळ लागतो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. २००८ नंतर मुंबईच्या सर्व मोठ्या हॉटेलांच्या दारात धातुशोधक कमान आणि सामानाची तपासणी असते. वडिलांच्या गुडघ्यातील धातूमुळे कमान वाजेल. तेथील कर्मचाऱ्यांना याची सवय असते. ‘गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे’ एवढे सांगितले की हातातील यंत्राने तपासून आत सोडतात. वडिलांना आधी सांगून ठेवा, म्हणजे दारातच अवघडल्यासारखे होणार नाही.


गिरगावात स्थायिक, मूळ नाशिकचा

वरील प्रतिसाद अतिशय मोलाचा आहे. मी फक्त परिसराविषयी लिहितो, कारण हॉटेलाच्या दाराबाहेर पाऊल टाकल्यावर काय मिळते यावरही मुक्कामाचा आनंद अवलंबून असतो.

वरळी आणि वांद्रे ही दोन नावे मी यादीतून काढून टाकेन. दोन्ही हॉटेले उत्तम आहेत, पण तुमचे आई-वडील जी मुंबई पाहायला येत आहेत ती दक्षिण टोकाला आहे. सागरी किनारा मार्गामुळे अंतर वेळेच्या दृष्टीने कमी झाले असले, तरी प्रत्येक वेळी गाडी बोलवा, गाडीत चढा, उतरा, हे ज्येष्ठांना दमवते. कामानिमित्त वांद्रे-कुर्ला संकुलात जायचे असते किंवा पहाटेचे विमान गाठायचे असते, तर माझे उत्तर वेगळे असते.

उरतात ताज आणि नरिमन पॉइंट. बाबांना शास्त्रीय संगीताची आवड आहे असे आपण लिहिले आहे, त्यावरून माझा कौल नरिमन पॉइंटच्या बाजूने आहे. ओबेरॉय आणि ट्रायडंट एकमेकांना लागून आहेत, आणि त्याच टोकाला थोड्या अंतरावर एनसीपीए, म्हणजे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र आहे. तेथील टाटा थिएटर १९८० पासून उभे आहे. रात्री मैफल संपल्यावर टॅक्सीसाठी ताटकळत न राहता पायी खोलीवर परतता येणे, ही दक्षिण मुंबईत फार थोड्या पाहुण्यांना मिळणारी चैन आहे. तुमच्या तारखांना तेथे काय आहे, ते आधी पाहा. एखादी चांगली बैठक असेल, तर तारीख दोन दिवस मागेपुढे करायलाही हरकत नाही.

मरीन ड्राइव्हचा पदपथ रुंद, सपाट आणि सलग आहे, आणि कठड्यावर हवे तिथे टेकता येते. गुडघ्याच्या माणसाला चालण्यासाठी याहून चांगली जागा मला या शहरात माहीत नाही. गेटवेजवळचा परिसर सुंदर आहे, पण तिथे गर्दी फार. सकाळी आठच्या आत गेले तरच मोकळेपणाने उभे राहता येते. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, त्या काळात त्या बाजूच्या रस्त्यांवर वाहने अक्षरशः तुंबतात. तारखा ठरवताना हेही लक्षात घ्यावे.

ताज पाहण्याची आईंची इच्छा मुक्काम न करताही पुरी होऊ शकते. पहिल्या मजल्यावरील सी लाउंजमध्ये खिडकीजवळचे टेबल आरक्षित करा आणि दुपारचा चहा तिथे घ्या. चहाबरोबर भेळ आणि शेवपुरीही मिळते, त्यामुळे आईंना परके वाटणार नाही. मुक्काम नरिमन पॉइंटला, एक दुपार ताजमध्ये, असे मी सुचवतो.


कॉलेज रोड

प्रवासाचा मुद्दा कोणी घेतला नाही म्हणून लिहितो, कारण नाशिकहून जाणाऱ्यांची खरी गैरसोय तिथेच होते. मोठ्या हॉटेलांत खोली दुपारी दोन-तीन वाजता ताब्यात मिळते आणि निघायच्या दिवशी बारा वाजता सोडावी लागते. आपण सवयीने पंचवटी एक्स्प्रेस पकडतो. ती सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोड सोडून साडेदहाच्या आगेमागे मुंबईत पोचवते, आणि परतीला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास निघते. म्हणजे जाताना तीन-चार तास आणि येताना सहा तास, सामान हॉटेलच्या ताब्यात ठेवून लॉबीत किंवा रस्त्यावर काढावे लागतात. तरुणांना ते चालते, सत्तरीच्या माणसांना नाही.

त्याऐवजी वंदे भारतने जावे. ती अकराच्या सुमारास नाशिकरोडला येते आणि अडीचच्या आत सीएसएमटीला पोचते. परतीची गाडी दुपारी एकनंतर थोड्याच वेळात सुटते. चेक-इन आणि चेक-आउट या दोन्ही वेळांशी ती जणू मुद्दाम जुळवल्यासारखी बसते. मात्र आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तो वार पाहून घ्यावा.

गाडीनेच जायचे असेल, तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ पासून सुरू असल्यामुळे कसारा घाट टळतो. पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी मात्र कोणालाही टळलेली नाही. मुंबईत फिरण्यासाठी भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत जाते. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट आणि विधान भवन ही स्थानके तुमच्या उपयोगाची आहेत.


गंगापूर रोड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बाथरूमचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आला नव्हता. वंदे भारतने जायचे, हे लगेच ठरवले आहे.

गिरगावच्या दादांचा युक्तिवाद बाबांना वाचून दाखवला आणि एनसीपीएचे नाव निघताच त्यांचा चेहरा खुलला. आईने सगळे ऐकून ‘तुम्हाला सोयीचे पडेल ते करा’ एवढेच म्हटले. हे वाक्य ती कधी म्हणते, ते आम्हाला माहीत आहे. त्यामुळे निर्णय अजून झालेला नाही. ताजमध्ये राहायचे झाले, तर जुनी इमारत घ्यावी की टॉवर? आणि एक रात्र ताजमध्ये, दोन रात्री नरिमन पॉइंटला, असे केले तर?


देवळाली कॅम्प

हॉटेल मध्येच बदलू नका. सामान बांधणे, बारा वाजता खोली सोडणे, दुसरी खोली तीन वाजता मिळणे, यात एक अख्खा दिवस वाया जातो आणि दोन्हीकडे माणूस पाहुण्यासारखाच राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी वाढणारा मुलगा ‘आजी, कालच्यासारखाच बिनसाखरेचा चहा ना?’ असे विचारतो, ती खरी सेवा; त्यासाठी एकाच ठिकाणी राहावे लागते.

गिरगावकरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तरीही मी त्यांच्याशी सहमत नाही. हा समारंभ दोघांचा आहे. एनसीपीए ताजपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे, त्यामुळे ताजमध्ये राहून बाबांची मैफल चुकत नाही. पण पन्नास वर्षांपूर्वी बाहेरून पाहिलेल्या वास्तूत चहा पिऊन परत निघणे आणि रात्री तिथेच झोपणे, यात फार अंतर आहे.

जुनी इमारत १९०३ ची. तिच्या आराखड्यात रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या आपल्या मराठी वास्तुविशारदाचा मोठा वाटा होता, हे वडिलांना जरूर सांगा. समोरचे गेटवे १९२४ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे हॉटेल त्याच्या आधीचे. शेजारचा टॉवर १९७० च्या दशकातला आहे. समुद्राकडच्या जुन्या खोल्यांचा दर टॉवरपेक्षा सहसा बराच चढा असतो, तेव्हा तुमच्या मर्यादेत टॉवर बसण्याची शक्यता अधिक. टॉवरमधून आतल्या आत जुन्या इमारतीत जाता येते. तो भव्य जिना आणि त्यावरचा घुमट रोज पाहता येईल, फक्त वडिलांना लिफ्टने वर नेऊन जिना वरून दाखवा. माझे मत विचाराल, तर दोन रात्रीच राहा, पण खोली समुद्राकडची घ्या. तीन रात्री शहराकडच्या खिडकीत काढण्यापेक्षा ते बरे.

दिशेचाही विचार करा. नरिमन पॉइंटच्या खोल्यांतून मावळता सूर्य आणि रात्री मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा राणीचा हार दिसतो, कारण तो समुद्र पश्चिमेला आहे. ताजसमोरचे बंदर पूर्वेला आहे. तुमच्या मुक्कामात संकष्टी येते, आणि त्या दिवशीचा चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास पूर्वेलाच होणार. हवा स्वच्छ असेल, तर आईंना खोलीतच चंद्रदर्शन घेऊन उपास सोडता येईल.


गिरगावात स्थायिक, मूळ नाशिकचा

चंद्रोदयाचा विचार माझ्या मनात आला नव्हता. संकष्टी सांभाळायची असेल, तर ताजच घ्या. मैफलीसाठी गाडी हॉटेलकडूनच आधी ठरवा, म्हणजे रात्री परत न्यायला ती थांबलेली असेल.


गंगापूर रोड

आज ताजच्या रिझर्व्हेशन विभागाला ईमेल पाठवला. टॉवरमधील समुद्राकडच्या दोन कनेक्टिंग खोल्या, स्वतंत्र शॉवर, आधाराची दांडी आणि नाश्त्यासह दर, असे सर्व स्पष्ट लिहून बाथरूमचे छायाचित्रही मागवले आहे. तशी खोली नसल्याचे त्यांनी कळवले, तर नरिमन पॉइंटला हेच पत्र जाईल. बाबांच्या पायाच्या बाबतीत तडजोड करणार नाही. आता एकच विचारायचे राहिले: संकष्टीच्या रात्री उपासाचे आणि नंतर कांदा-लसणाविना जेवण अशा हॉटेलात नीट मिळते का, की घरून काही न्यावे?


देवळाली कॅम्प

मिळते, पण आदल्या दिवशी दुपारपर्यंत सांगावे लागते. चेक-इन झाल्यावर रेस्टॉरंटच्या मॅनेजरशी किंवा शेफशी स्वतः बोला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, दही आणि फळे एवढे सांगितले की स्वयंपाकघर मनापासून करून देते. सैंधव वापरायचे, की साधे मीठ चालते, हेही सांगा, कारण प्रत्येक घराची रीत वेगळी असते आणि ते विचारणारच. उपास सोडण्याचे ताट चंद्रोदयानंतर अर्ध्या तासाने खोलीत पाठवायला सांगा. मोदक मात्र नाशिकहूनच न्या.